गेटवरच्या स्क्रीनची मांडणी

४ नोव्हेंबर १९९८, बुधवार

आणि वर पार्थ पुन्हा म्हणतो, आकडे टाकू नकोस. गेल्या आठवड्यात म्हणाला, काल म्हणाला, आज मालकांच्या, श्यामसुंदर सरांच्या समोर म्हणाला. मग काय टाकू? दोन वर्षं ह्याच ऑफिसात मी लग्नपत्रिका लावतोय. गणपती वरून किती खाली, नवरीचं नाव डावीकडून किती, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' कुठल्या कोपऱ्यात, सगळं मोजून. एक पत्रिका परत आलेली नाही. पार्थ इंजिनिअर आहे, मी आठवी. म्हणून काय माझ्या डोळ्याला कळत नाही का?

काम असं आहे. तुर्भ्याला राजलक्ष्मी कोल्ड स्टोअरेज आहे, त्यांच्या गेटवर गाड्यांची नोंद होते. कुठली गाडी, कुठून आली, काय माल, किती नग, कुठल्या चेंबरला गेली. आत्तापर्यंत रजिस्टर होतं, आता कॉम्प्युटर पाहिजे. आतलं सगळं पार्थ जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहितो. समोर जे दिसतं ते मी लावतो, कारण नावं मराठीत पाहिजेत आणि ह्या ऑफिसात मराठी टायपिंग मला एकट्यालाच येतं. जावा मला कळत नाही. एक ओळ कशी लिहायची ते पार्थने दाखवलं. तीच ओळ मी एकतीस वेळा लिहिली, आकडे बदलून. प्रत्येक वस्तूला चार आकडे: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. गाडी नंबरखाली ड्रायव्हर, त्याखाली कुठून. सगळ्या चौकटी उजवीकडे एका रेषेत. पट्टी लावून बघा.

पार्थ म्हणतो, "धर्मा, उद्या मॉनिटर बदलला, अक्षर मोठं केलं, की सगळं बोंबलणार. लेआउट मॅनेजर वापर. जागा तो ठरवतो."

मी म्हटलं, "तो कोण ठरवणारा? त्याने कधी पत्रिका लावलीय?"

सर हसले. म्हणाले, छान दिसतंय, चालू द्या.

५ नोव्हेंबर

पार्थ दुपारी दोन तास नव्हता. आला तर दाढी केलेली, शर्ट खोचलेला. मुली बघतोय वाटतं.

१० नोव्हेंबर, मंगळवार

राजलक्ष्मीच्या गेटवर कॉम्प्युटर बसवला. बसवला म्हणजे मीच नेला, रिक्षात मांडीवर सीपीयूचा डबा घेऊन.

केबिनमध्ये भगवान नाना बसतात. पन्नाशी उलटलेली, कोरेगाव तालुक्यातले, म्हणजे आमच्याच बाजूचे. आधी हमाल होते, पाठीचा मणका गेला तेव्हा जुन्या शेठने गेटवर बसवलं. अक्षर मोठं आणि गोल. एका गाडीला रजिस्टरच्या दोन ओळी घालवतात. मॅनेजर विलासराव त्यावरून बोलतात, महिन्याला एक रजिस्टर संपतं म्हणून.

तिथला मॉनिटर चौदा इंची निघाला. माझी स्क्रीन त्यात मावेना, 'नोंद करा'चं बटणच खाली गायब. मला घाम. मग मॉनिटरचं सेटिंग बदललं, सगळं बारीक केलं, आणि मावलं. अक्षरं जरा मुंगीसारखी झाली, पण रेषा सरळ राहिल्या. पार्थला हे सांगणार नाही.

"नाना, दिसतंय ना?" मी विचारलं.

"दिसतंय की. न दिसायला काय झालं? तू फकस्त कुटला खटका किती येळा मारायचा ते सांग."

विलासरावांनी जाताना मला बाहेर घेतलं. म्हणाले, "हे बघ, एक डिसेंबरपासून रजिस्टर बंद. तोपर्यंत दोन्ही चालेल. नानांना जमलं तर त्यांची खुर्ची त्यांना. नाही जमलं तर कोर्स केलेली मुलगी ठेवणार, नाना चेंबरमध्ये जातील, गोण्या मोजायला. मला टेन्शन नको."

चेंबरमध्ये दोन डिग्री असतं. मणका गेलेला माणूस तिथं आठ तास कसा उभा राहील ते माझं काम नाही. माझं काम स्क्रीन.

१३ नोव्हेंबर

नानांना शिकवायला सरांनी रोज दुपारी तासभर जायला सांगितलंय. बसभाडं देतात.

म्हातारा हुशार निघाला. मला वाटलं होतं आठवडा जाईल. मी म्हटलं, हे बघा नाना, गाडी नंबर टाकला की टॅब, मग ड्रायव्हर, पुन्हा टॅब, मग कुठून, त्याचा ठरलेला आकडा. बटाटा एक, सफरचंद दोन, चिंच तीन. त्यांनी एकदा ऐकलं आणि बोटं मोडत पाठ केलं. तिसऱ्या गाडीपासून चुकले नाहीत. स्क्रीनकडे बघतसुद्धा नाहीत, खिडकीतून ड्रायव्हरकडे बघत खटाखट मारतात. आमच्या ऑफिसात मी असा टाइप करायला लागलो त्याला सहा महिने गेले.

चहा त्यांचाच. पैसे घेऊ देत नाहीत.

१४ नोव्हेंबर

नानांनी गाव कुठलं विचारलं, मग आडनाव, मग घरी कोण कोण, मग लग्नाचं. मग म्हणाले, "किती नोकऱ्या बदलल्यास?" मी म्हटलं चार. गॅरेज, हॉटेल, झेरॉक्स, ही. म्हणाले, "बूड टेकत न्हाय तुजं." माणूस बरा आहे पण बोलतो फार.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

नानांनी की-बोर्डला टिकल्या चिकटवल्यात. टॅबला एक, एंटरला एक, बाजूच्या आकड्यांतल्या पाचावर एक. मरून रंगाच्या, मखमली. मी म्हटलं, नाना, दसऱ्याची पूजा आता केलीत का?

"घरातली गावली, लावली," म्हणाले.

"की-बोर्ड कंपनीचा आहे. विलासराव ओरडतील."

"वरडू दे. बोटाला बरं वाटतं."

म्हाताऱ्या माणसाला हौस असते एकेक.

२३ नोव्हेंबर, सोमवार

विलासरावांचा फोन. गाडीच्या सीलचा नंबरही पाहिजे. आणि तो गाडी नंबरच्या लगेच खाली.

म्हणजे खालचं सगळं सव्वीस ठिपके खाली सरकवायचं. वरून किती, हा आकडा अठरा ठिकाणी बदलला. दुपारी दोन पत्रिका अर्जंट होत्या, त्या बाजूला ठेवून. पार्थ मागे उभा राहून बघत होता. प्रत्येक आकड्याला मान हलवत होता.

संध्याकाळी गेटवर जाऊन नवीन टाकून आलो. नाना चहाला गेले होते. थांबलो नाही. 'सील नंबर' मी लाल अक्षरात केलंय, आंधळ्यालाही दिसेल.

२४ नोव्हेंबर

विलासरावांनी ऑफिसात फोन करून मला बोलावलं. आवाजावरूनच कळलं.

कालच्या रात्रपाळीच्या नोंदी बरोबर, घोळ आज सकाळचा. नानांनी तेवीस गाड्या नोंदल्या, तेवीसच्या तेवीस एक घर वर सरकलेल्या. ड्रायव्हरचं नाव सीलमध्ये, कुठूनचा आकडा ड्रायव्हरमध्ये, मालाचा कुठूनमध्ये, चेंबरचा नगात. चेंबर कोरा. दहा चाकांचा ट्रक आणि नग सहा. सिमल्याहून सहा पेट्या सफरचंद घेऊन आला म्हणे.

रजिस्टरमध्ये सगळं बरोबर होतं, म्हणून नुकसान काही नाही. पण विलासराव दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बसले होते.

"नाना, हे लाल अक्षरात काय लिहिलंय?"

नाना स्क्रीनकडे बघत राहिले.

"नाना, मी विचारतोय."

"नवं घातलंय कायतरी त्यानं. मला सांगितलं न्हाय."

"सांगायला कशाला पाहिजे? समोर आहे. वाचता येतं ना तुम्हाला?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या बाजूला बघितलं, मी दाराजवळ होतो आणि ते कपाटाकडे बघत होते.

विलासराव म्हणाले, पुढच्या मंगळवारी, एक तारखेला, मी स्वतः मागे उभा राहणार. पहिल्या दहा गाड्या माझ्यासमोर. तेव्हा काय ते ठरेल.

मी बाहेर आलो. चूक माझी आहे असं मी त्यांना सांगितलं नाही. हे इथं लिहून ठेवतो.

२५ नोव्हेंबर, बुधवार

गेलो. नाना एकटेच होते. मी सरळ विचारलं, नाना, स्क्रीनवरचं दिसतं का?

एक गाडी आली, तिची चिठ्ठी त्यांनी नाकाला लावून वाचली, रजिस्टरमध्ये लिहिली, कॉम्प्युटरला मारली. मग म्हणाले, "उजवा गेला त्याला वरीस झालं. डाव्यात धुकं हाय. कागद जवळ आणता येतो, ह्या डब्याला कसा आणू? नाक लावलं तर काचंतनं समद्यास्नी दिसंल."

"मग इतके दिवस?"

"खटकं मोजत होतो. तुजी चौकट हालत नव्हती तवर बरं चाललं होतं."

मोतीबिंदू आहे. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय. पण दहा दिवस सुट्टी घ्यावी लागेल. "रिकामी खुर्ची दिसली की त्यात पोरगी बसंल. मग मी चेंबरात. तू कुणाला बोलू नगंस."

मी म्हटलं नाही बोलत.

टिकल्यांबद्दल मी जे बोललो होतो ते आठवलं. जाऊ दे.

त्यांना म्हटलं, अक्षर मोठं करून देतो, सोपं आहे. शंका होतीच, म्हणून ऑफिसातून निघतानाच कागद नेले होते, सोळा, वीस, चोवीस, अठ्ठावीस मापाची अक्षरं छापून. मॉनिटरवर एकेक चिकटवला. नानांनी खुर्चीत बसून अठ्ठावीसचा वाचला. 'चेंबर.' चोवीसला अडखळले.

२६ नोव्हेंबर

सोपं नाही.

एका ठिकाणी बाराचे अठ्ठावीस केले आणि चालवलं. 'गाडी नंबर'चं फक्त 'गाडी' उरलं. चौकटींची उंची तेवढीच, त्यात अक्षराचं पोट दिसतं, डोकं आणि पाय कापलेले. आकडे पुन्हा मोजायला बसलो. सील धरून आता तेहतीस वस्तू, चार चार आकडे. दुपारी चारपर्यंत अर्धे झाले आणि कळलं की तेवढं मिळून स्क्रीनमध्ये मावतच नाही. मग अक्षर सव्वीस करून बघावं म्हटलं, तर पुन्हा पहिल्यापासून सगळे आकडे.

ह्या कामात माणसाने किती दिवस घालवावेत? पुण्याला चिंचवडला एक ओळखीचा आहे, कंपनीत हेल्पर घेतो म्हणतो. जावं का?

एका पत्रिकेत नवऱ्याच्या मामाचं नाव राहिलं. सर बोलले.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

पार्थला म्हटलं, ते तुझं सांग.

"काय माझं?"

"तेच. जागा ठरवणारा."

त्याने खुर्ची फिरवली, चहा मागवला, आरामात बसला. आता हा बदला घेणार असं वाटलं, पण सांगितलं नीट. म्हणाला, तू प्रत्येकाला सांगतोस इथं बस, एवढ्यात बस. त्याऐवजी आधी प्रत्येकाला विचारायचं, तुला किती जागा लागते? अक्षर मोठं असेल तर तो जास्त सांगेल. मग वाटणी कशी करायची त्याच्या पाच पद्धती आहेत. तू फक्त पद्धत निवड.

"पाचांतली चांगली कुठली?"

"ग्रिडबॅग. प्रोफेशनल लोक तीच वापरतात."

पुस्तक इंग्लिश. मला ते वाचून काय कळणार? मी प्रत्येक पद्धत टाइप करून चालवून बघतो आणि खिडकी कोपऱ्याला धरून लहान-मोठी करतो. काय हलतं, काय नाही, ते डोळ्याला कळतं.

पहिली पद्धत, फ्लो, आज बाद. पेपरातल्या मजकुरासारखं आहे, ओळ भरली की खाली. 'नग' वरच्या ओळीच्या टोकाला आणि त्याची चौकट खालच्या ओळीला पहिली. नाना 'नग' वाचणार आणि भलत्याच चौकटीत आकडा घालणार.

२८ नोव्हेंबर

बॉर्डर पद्धतीत पाच जागा असतात: वर, खाली, दोन्ही बाजू, आणि मध्ये. वरच्या-खालच्याला हवी तेवढी उंची, उरलेलं सगळं मधल्याला. मला आवडली. पण खाली तीन बटणं ठेवली तर एकच दिसेना. एक तास गेला. मग कळलं की एका जागेत एकच बसतं, दुसरं ठेवलं की पहिलं गुल. तिघांना एका पाटीवर बसवायचं आणि ती पाटी खाली ठेवायची.

आता ग्रिडबॅग. प्रत्येक वस्तूला अकरा गोष्टी सांगायच्या. कितवा खण, कितवी ओळ, किती खण व्यापायचे, उरलेली जागा मिळाली तर किती खायची, कुठल्या अंगाला टेकायचं, वगैरे. मी पार्थला म्हटलं, माझे चार आकडे तुला जास्त वाटत होते ना?

"अरे पण पॉवरफुल आहे."

होतं खरं. पत्रिकेसारखं सुंदर लागलं. ड्रायव्हर रुंद, नग अरुंद, सगळं जिथल्या तिथं. मग अक्षर अठ्ठावीस केलं. सगळ्या चौकटी एकदम चपट्या. काडीएवढ्या. एकातही आकडा दिसेना. पार्थने अर्धा तास बघितलं, मग त्याला फोन आला, तो खाली उतरला तो गेलाच.

२९ नोव्हेंबर, रविवार

ऑफिस बंद, पण सरांकडून किल्ली घेतली होती. कोपरखैरण्याहून सकाळी सायकलने आलो.

चपट्या का होतात ते शोधलं. खिडकी हळूहळू लहान करत गेलो. एका ठिकाणापर्यंत ठीक, त्यापुढे एक ठिपका कमी झाला की सगळ्या एकदम बसतात. म्हणजे मागितली तेवढी जागा मिळाली नाही की थोडं थोडं कमी करायचं नाही, एकदम काहीच द्यायचं नाही. असला वाटणी करणारा मला नको.

अजून एक आहे, ती एका वेळी एकच पान दाखवते, ती बाद. राहिली ग्रिड. कॅलेंडरसारखी, सगळी घरं सारखी. ही मी शुक्रवारीच बघून सोडली होती, कारण बघवत नाही. तीन आकडी नगाची चौकट ड्रायव्हरच्या नावाएवढी. पोस्टाच्या खोक्यांची भिंत. पण खिडकी कितीही लहान करा, सगळी घरं सारखीच कमी होतात. कोणी चपटं होत नाही. नवीन ओळ घातली तर बाकीच्या आपोआप थोड्या थोड्या सरकतात, मला काही मोजावं लागत नाही.

संध्याकाळी खोलीवर गेलो तर किसनचा भाऊ गावाहून आलेला, मुक्कामाला. आम्ही सात जण झोपतो, आठवा आला तर प्रत्येकाने वीतभर सरकून घेतलं. कुणी मोजलं नाही. हे रोजचंच आहे. मला आजच नवीन वाटलं.

३० नोव्हेंबर, सोमवार

बाहेरून बॉर्डर. वर एका ओळीत सध्या कुठल्या घरात आहोत त्याचं नाव, सर्वांत मोठं. खाली बटणांची पाटी. मध्ये ग्रिड, दोन उभे खण, डावीकडे नाव, उजवीकडे चौकट.

चौदा ओळी होत्या, त्या अठ्ठावीसच्या अक्षरात मावेनात. मग बघितलं की नाना खरोखर किती भरतात. तारीख, वेळ, पाळी, नोंद क्रमांक असल्या सात गोष्टी कॉम्प्युटर स्वतःच घालतो, ते दाखवायचंच कशाला? मी घातलं होतं कारण पान भरलेलं चांगलं दिसतं. सात ओळी राहिल्या.

पार्थ म्हणाला, "हे काय? शाळेतली पाटी वाटते. ग्रिडबॅग कुठे गेली?"

"काढली."

"अरे पण प्रोफेशनल नाही दिसत."

"नाही दिसत," मी म्हटलं.

खरंच नाही दिसत. मी केलेलं सगळ्यांत कुरूप काम आहे. तेहतीसमधले सोळा डबे काढून टाकले, रेषा नाही, कोपरा नाही, रंग नाही. माझ्या पत्रिका बघणाऱ्याला हे दाखवायची लाज वाटेल.

संध्याकाळी गेटवर टाकलं. ह्या वेळी थांबलो. नाना चहावरून आले, खुर्चीत बसले, मागे रेलले आणि वरून खाली वाचत गेले. "गाडी नंबर. सील नंबर. डायवर. कुटून. माल. नग. चेंबर." मग पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मी म्हटलं, झालं की नाना. तर म्हणाले थांब, अजून एकदा.

१ डिसेंबर, मंगळवार

विलासराव साडेनऊला आले आणि नानांच्या मागे उभे राहिले. मी दाराजवळ.

स्क्रीन बघून पहिल्यांदा माझ्यावरच आले. "हे काय केलंस? आधी किती छान होतं."

मी म्हटलं, साहेब, उन्हात दिसत नव्हतं. खोटं बोललो. अगदी खोटंही नाही, सकाळी गेटवर ऊन येतं.

पहिली गाडी आग्र्याची, बटाटा. नाना हळू, पण बरोबर. दुसरी, तिसरी. प्रत्येक घराला वरचं मोठं नाव वाचायचे, ओठ हलायचे, मग आकडा. खटके मोजणं बंद केल्यामुळे आधीपेक्षा वेळ जास्त लागत होता. मागे गाड्यांची रांग लागली. एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "चाचा, शादी का फॉर्म भर रहे हो क्या?"

नाना म्हणाले, "तुज्याच शादीचा. पोरगीचं नाव सांग." बाहेरचे हसले. विलासराव हसले नाहीत.

सहाव्या गाडीनंतर विलासराव म्हणाले, "ड्रायव्हरचं लायसन पण पाहिजे. घालता येईल? आत्ता?"

नानांचे हात की-बोर्डवर थांबले. मला कळलं की हा माणूस गेल्या मंगळवारचं विसरलेला नाही. कुठे घालू, मी विचारलं. "ड्रायव्हरच्या खाली." बरोबर मधोमध.

सुदैवाने सगळं गेटच्या कॉम्प्युटरवरच होतं. दोन ओळी लिहिल्या आणि पार्थला फोन लावून त्याच्याकडची एक ओळ विचारून घेतली. बारा मिनिटं लागली, पण मांडणीला एकही आकडा लागला नाही. चालू केलं. सातच्या आठ ओळी झाल्या, सगळ्या बोटभर बारीक झाल्या. अक्षर तेवढंच. मी नानांना काही सांगितलं नाही. सांगायचं नव्हतंच.

सातवी गाडी. गाडी नंबर, सील नंबर, ड्रायव्हर. नानांनी टॅब मारला, हात उचलला, वर बघितलं.

"लायसन," नानांनी वाचलं. मग खिडकीतून बाहेर, "लायसन दाखव रे."

आठवी, नववी, दहावी. चेंबर नंबरपर्यंत सगळं जागच्या जागी.

विलासराव म्हणाले, "ठीक आहे नाना. स्पीड वाढवा." रजिस्टर उचललं आणि बगलेत मारून घेऊन गेले.

नाना खिडकीकडे वळले, अकरावी गाडी आली होती.

५ डिसेंबर

विलासरावांनी सरांना वर्षाचं देखभालीचं काम दिलं. सर म्हणाले, धर्मराज, आता तू सॉफ्टवेअरवाला. पगाराचं एप्रिलला बघू. ते गेल्या एप्रिलला पण म्हणाले होते.

मी सरांना म्हटलं, देखभाल म्हणजे सुरुवातीला गेटवर बसून बघावं लागेल काय अडतं ते. दहा दिवस तरी. सर म्हणाले, पत्रिका कोण लावणार? मी म्हटलं, संध्याकाळी येऊन लावतो. मग विलासरावांना सांगितलं की मी असणारच आहे गेटवर, तर नानांना गावी जाऊन यायचंय म्हणतात, जाऊ द्या. ते म्हणाले, फुकट माणूस मिळतोय तर माझं काय जातंय.

चिंचवडवाल्याला नाही कळवलं.

११ डिसेंबर

पनवेलच्या बाजूला ट्रस्टचा दवाखाना आहे. नाना आणि त्यांचा मुलगा जोतीराम जाऊन आले. सोमवारी ऑपरेशनला बोलावलंय. जोतीराम संध्याकाळी मला भेटायला ऑफिसात आला, बराच वेळ बसला, पत्रिका बघितल्या. डॉक्टरने दोन भाव सांगितलेत, एक डोळ्याच्या आत भिंग बसवायचा, तो महाग, आणि एक बाहेर जाड चष्म्याचा. तो काही मागायला आला नव्हता.

१७ डिसेंबर, गुरुवार

गेटवर चौथा दिवस. नानांच्या खुर्चीत बसून कळलं की पाठीला उशी का बांधलीय.

काम कंटाळवाणं आहे. ग्रिडची ती खोकी दिवसभर बघितली की आता कुरूप वाटत नाहीत. काहीच वाटत नाहीत. कदाचित तसंच पाहिजे.

पार्थ आला होता, सहज म्हणाला. मोटारसायकल लावून अर्धा तास उभा राहिला. म्हणाला, तुला एक गोष्ट सांगतो, ग्रिडबॅग चपटी का होते ते मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, ते मला तेव्हाच कळलं होतं. मग पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन गेले असं काहीतरी सांगत होता. लग्नानंतर फिरायला जाणार असेल.

२ जानेवारी १९९९, शनिवार

नाना परत आले, दहाचे एकोणीस दिवस झाले. डोळ्याला हिरवी पट्टी होती ती काल निघाली. खुर्चीत बसले, स्क्रीनकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे कुणी केलंय?"

"मीच. तुमच्यासमोरच केलं की."

"आरं, येवढाली अक्षरं? बालवाडीतल्या पोरांची हायत का? येणारा-जाणारा काय म्हणंल?"

"तुम्हीच अठ्ठावीस सांगितलेत नाना."

"तवा सांगितलं. आता बारीक कर."

एका ठिकाणी अठ्ठावीसचे सोळा केले. सगळी घरं आपली आपण आवळली, बटणं खाली जाऊन बसली, काही कापलं नाही, काही एकमेकांवर चढलं नाही. दीड मिनिट. मी त्यांच्याकडे बघत होतो, ते खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गोडाऊनवरची पाटी वाचत होते, मग तिच्याखालची, मग एका ट्रकच्या मागचं. मोठ्याने नाही.

मग म्हणाले, "तू दाढी करत जा. लांबनं चांगला दिसतोस, जवळनं न्हाय."

७ जानेवारी

विलासरावांना अजून एक घर पाहिजे, चेंबरचं तापमान. दोन ओळी. सर म्हणाले, विलासरावांच्या भावाचं तळोज्याला वजनकाटा आहे, त्यांनाही स्क्रीन पाहिजे. मी म्हटलं आधी जाऊन बघतो कोण बसतं तिथं.

८ जानेवारी, शुक्रवार

पोस्टात रांग होती. मनीऑर्डरचा फॉर्म भरला. आईला दर महिन्याला सातशे जातात, ते ह्या वेळी पूर्ण जाणार नाहीत, बाकीचे जोतीरामला दिलेत. कुपनावर लिहायला चार ओळींची जागा असते. भिंगाचं त्यात मावलं नसतं, आणि मावलं असतं तरी तिला नाना कोण ते पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. लिहिलं: मी बरा आहे. काम बरं चाललंय. ह्या महिन्यात कमी आहे, पुढच्या महिन्यात बघतो.

खाली रकमेची ओळ. अक्षरी: तीनशे पन्नास रुपये फक्त.